ठंड बाजारातला प्लॉट : मारेगाव पट्ट्यातील घर-जागेच्या मंदीचा आढावा

प्रश्न नेमका कोणता?

मुंबई-पुण्यात घरांचा बाजार पडला की विकल्या न गेलेल्या सदनिकांचे आकडे वर्तमानपत्रांत येतात, बिल्डर सवलती जाहीर करतात आणि मंदी सगळ्यांना दिसते. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावसारख्या तालुक्याच्या गावात ती तशी दिसत नाही. इथे दर उतरत नाहीत, गिऱ्हाईक यायचे थांबते. मालक जुनाच दर सांगत राहतो. दलाल म्हणतो, 'मार्केट सध्या ठंड आहे, थोडे थांबा.' हे थांबणे वर्षानुवर्षे लांबते. मुलीचे लग्न, दवाखाना, मुलाची फी असे काही निघाले आणि विकणे भागच पडले, की मग मिळेल त्या भावाला सौदा होतो.

या मंदीचे मोजमाप अवघड आहे, पण तिचा हिशेब मांडता येतो. समजा, एका प्लॉटचा दर दहा वर्षे जागेवरून हलला नाही आणि महागाई दरसाल ५ टक्क्यांनी वाढली. कागदावर मालकाचे काहीच गेलेले दिसत नाही. पण दहा वर्षांपूर्वी त्या रकमेत जेवढे सामान आले असते, त्यातले आज जेमतेम ६१ टक्के येते. म्हणजे किंमत जवळजवळ ३९ टक्क्यांनी घसरली आणि ते कुणी कुणाला सांगितलेही नाही. वऱ्हाडातल्या लहान गावांत मंदी बहुतेक वेळा अशीच येते.

ही मंदी कुठून आली, तिच्याबद्दल कोण काय म्हणते, साधा माणूस तिच्यातून कसा वाट काढतो आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, हे या लेखात क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी : कापूस, कोळसा आणि जागा

यवतमाळ जिल्ह्याचा पूर्व भाग म्हणजे वणी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर आणि राळेगाव हे तालुके. ब्रिटिश काळात आजच्या यवतमाळ जिल्ह्याला वणीच्या नावावरून 'वून' जिल्हा म्हणत. १९०५ मध्ये त्याचे नाव यवतमाळ झाले. हा मुलुख पिढ्यान्‌पिढ्या कापसाचा आहे.

कापूस आणि जागेचे भाव यांचे नाते इथल्या लोकांना नवे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत साचला. समुद्रात भर घालून जमीन काढायच्या योजना निघाल्या. त्यातल्या बॅक बे कंपनीच्या शेअरवर दर्शनी किमतीच्या कितीतरी पट प्रीमियम चढला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि जागेचा फुगाही फुटला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे व्यापारी त्यात बुडाले. मालाच्या भावावर जागेचा भाव उभा राहिला, तर माल पडताच जागाही पडते. वऱ्हाडच्या कापसाने हा धडा पहिल्यांदा मुंबईला दिला. दीडशे वर्षांनी तो लहान प्रमाणात वऱ्हाडातच गिरवला गेला.

२००८ नंतरची दोन-चार वर्षे आठवा. त्या वर्षी केंद्राची शेतकरी कर्जमाफी झाली. २००८-०९ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे २,०३० वरून एकदम ३,००० रुपयांवर गेला आणि २०१०-११ मध्ये बाजारभाव त्याच्याही पुष्कळ वर चढले. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीमुळे शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या हातात एकरकमी पैसा आला. वणी परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींसाठी जमिनी गेल्या, त्यांचा मोबदला आणि त्याबरोबरच्या नोकऱ्याही आल्या. हा सगळा पैसा एकाच ठिकाणी वळला, तो म्हणजे रस्त्याकडेच्या शेतात पडलेल्या ले-आऊटमध्ये. बँकेतल्या ठेवीपेक्षा प्लॉट बरा, हा त्या दिवसांचा ठाम समज होता. २०१४ मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण आले आणि मारेगावात नगरपंचायत झाली. आता गाव वाढणार, या आशेला त्यामुळे सरकारी आधारही मिळाला.

बाजार थंड कसा पडला?

उतरण एका दिवसात लागली नाही. पहिली पायरी १ जून २०१५ ची. त्या दिवसापासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यावर प्राप्तिकर कायद्याने बंदी आली. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली. त्याच महिन्यात दुरुस्त केलेला बेनामी व्यवहार कायदाही लागू झाला. ज्या बाजाराचा अर्धा श्वास रोखीवर चालत होता, त्याचा दम इथे कोंडला. पाठोपाठ १ मे २०१७ ला गृहप्रकल्पांचा नियामक महारेरा आणि १ जुलैला जीएसटी आला. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था हप्ते चुकवू लागली आणि बिगरबँक कंपन्यांचे कर्ज देशभर आटले.

कोविडच्या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क उतरवले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये ३ टक्क्यांची आणि पुढच्या जानेवारी ते मार्चमध्ये २ टक्क्यांची सवलत दिली. मोठ्या शहरांत दस्त नोंदवायला झुंबड उडाली. योगायोगाने २०२१-२२ हे वर्ष शेतीलाही लाभले. कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या पुढे गेला आणि सोयाबीननेही २०२१ च्या उन्हाळा-पावसाळ्यात मोठा भाव दाखवला. त्यानंतर मात्र कापूस ७,००० च्या आसपास उतरला आणि सोयाबीन कित्येक महिने हमीभावाच्या खाली विकले गेले. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० आणि सोयाबीनचा ५,३२८ रुपये जाहीर झाला. पण ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले गेले आणि भाव वाढण्याची आशा मावळली.

शहरातला खरेदीदार गृहकर्जाच्या व्याजदराकडे पाहतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर ६.५ वरून टप्प्याटप्प्याने खाली आणला, हा त्याला दिलासा आहे. मारेगावचा खरेदीदार आधी कापसाच्या पट्टीकडे पाहतो. त्याचा प्लॉट हप्त्यावर ठरत नाही, हंगामावर ठरतो. त्यामुळे व्याजदर उतरले तरी इथला बाजार तेवढ्याने जागा होत नाही.

पाच भूमिका

या मंदीबद्दल निदान पाच वेगवेगळ्या भूमिका ऐकायला मिळतात. प्रत्येकीत काही ना काही तथ्य आहे.

पहिली भूमिका ले-आऊट पाडणाऱ्यांची आणि दलालांची. त्यांच्या मते ही मंदी तात्पुरती आहे. वणीच्या खाणी चालू आहेत. शेजारच्या झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनचा मोठा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. करंजी–मारेगाव–वणी रस्त्यावरून चंद्रपूरकडे वाहतूक चालते. रस्ता आणि उद्योग असले की वस्ती येते, असे त्यांचे म्हणणे आहे. यावरचा आक्षेप असा, की खाणीतले आणि कारखान्यातले काम आता बरेचसे कंत्राटावर चालते. कंत्राटी कामगार भाड्याची खोली शोधतो, तो प्लॉट घेत नाही. आणि जे काही गिऱ्हाईक येते, त्यातला मोठा वाटा वणीच ओढून घेते.

दुसरी भूमिका हिशेबी माणसांची. त्यांच्या मते दर मुळातच फुगले होते, आता ते जागेवर येत आहेत. घराला भाडे येते, शेताला पीक येते. रिकाम्या प्लॉटला काही येत नाही, त्याची किंमत फक्त पुढच्या गिऱ्हाइकाच्या आशेवर टिकते. गावातल्या पगारदाराच्या किती वर्षांच्या बचतीत एक प्लॉट येतो, हे पाहिले तर तेजीतले दर गावाच्या कमाईला झेपणारे नव्हतेच. नागपुरात मिहान प्रकल्पाच्या नावावर वर्धा रोडकडचे प्लॉट असेच चढले. प्रकल्प रेंगाळला आणि कित्येकांचा पैसा वर्षानुवर्षे अडकून पडला. या भूमिकेची मर्यादा एवढीच, की दर जागेवर येण्याची किंमत कोण मोजतो हे ती सांगत नाही. तेजी पेटवणारे आधीच विकून मोकळे झालेले असतात. शेवटी आलेला शिक्षक किंवा लहान शेतकरी मागे उरतो.

तिसरी भूमिका म्हणते, बाजाराचा गळा नियमांनी आवळला. नोटबंदी, रेरा, तुकडेबंदी, अकृषक परवानगी आणि दरवर्षी फिरणारी परिपत्रके यांतून लहान माणूस वाट कशी काढणार? दुसऱ्या बाजूने असे म्हणता येते, की याच नियमांनी ग्राहकाला पहिल्यांदा संरक्षण दिले. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा ले-आऊटही रेराच्या कक्षेत येतो. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. महारेराने रक्कम परत द्यायचा आदेश दिला, तरी वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुली थकबाकीसारखी होते आणि तिथे प्रकरणे रेंगाळतात.

चौथी भूमिका म्हणते, विकत घेणारी माणसेच उरली नाहीत. शिकलेली मुले नागपूर, पुणे, हैदराबादला जातात आणि तिथेच घर घेतात. गावचा वाडा कुलूप लावून पडतो. याला उत्तर असे दिले जाते, की आसपासच्या खेड्यांतून शाळा, दवाखाना आणि बाजारासाठी कुटुंबे तालुक्याच्या गावी येतच असतात. कोणता ओघ मोठा, हे सांगायला आज पक्का आधार नाही, कारण शेवटची जनगणना २०११ ची आहे. घरयादीचे काम २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. त्याआधी या वादाचा निकाल लागणे कठीण आहे.

पाचवी भूमिका सर्वात कमी ऐकू येते. ती घर नसलेल्यांची आहे. भाडेकरू, शेतमजूर आणि घरकुलाच्या यादीतल्या कुटुंबांना दर उतरणे हे संकट वाटायचे कारण नाही. त्यांना ती संधी वाटायला हवी. पण संधी घ्यायला हातात पैसा लागतो. मजुराला बँक कर्ज देत नाही आणि घरकुलाच्या अनुदानाला आधी नावावरची जागा लागते. जागा घ्यायला मदत करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, पण तिची रक्कम तालुक्याच्या गावातल्या दरापुढे तोकडी पडते. मंदीत जागा स्वस्त होतात आणि तरीही घर नसलेला घराबाहेरच राहतो, हे या सगळ्या चर्चेतले सर्वात जिव्हारी लागणारे वास्तव आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटीहून अधिक घरे रिकामी होती, तर २०१२ साली केंद्राच्या तज्ज्ञगटाने शहरी घरांचा तुटवडा १.८८ कोटी मोजला होता. एकीकडे कुलपे, दुसरीकडे रांगा, असे हे चित्र होते.

सरकारी दर आणि खरा दर

सगळ्या भूमिकांना छेद देणारा एक मुद्दा जवळून पाहायला हवा. राज्यात दरवर्षी बाजारमूल्य दर तक्ता निघतो, त्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. मुद्रांक शुल्क सौद्याच्या किमतीवर किंवा या तक्त्यातल्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागते. काही वर्षे तक्ता जैसे थे राहिला, पण बाजार पडला म्हणून सरसकट खाली आला असे सहसा होत नाही. १ एप्रिल २०२५ पासून नगरपरिषद-नगरपंचायत क्षेत्रात तो सरासरी ४.९७ टक्क्यांनी वाढला.

आता दुय्यम निबंधकाच्या टेबलावर ठेवलेला एक दस्त डोळ्यांसमोर आणा. तक्त्याप्रमाणे प्लॉटची किंमत ९ लाख. मालकाला अडचण आहे आणि खरा सौदा साडेसात लाखांत ठरला आहे. पैसे बँकेतून गेले, लपवाछपवी काही नाही. तरीही मुद्रांक शुल्क ९ लाखांवर भरावे लागते. पुढे प्राप्तिकराचे नियम लागतात. सौद्याची आणि सरकारी किमतीची तफावत १० टक्क्यांच्या आत असती, तर सौद्याचीच किंमत धरली गेली असती. इथे ती दीड लाखाची, म्हणजे २० टक्क्यांची आहे. त्यामुळे विकणाऱ्याने ९ लाख घेतले असे समजून त्याचा भांडवली नफा काढला जातो आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात दीड लाख मिळवले जातात. एकाने न मिळालेल्या पैशाचा आणि दुसऱ्याने न कमावलेल्या पैशाचा हिशेब द्यायचा, अशी ही स्थिती होते.

यावर मार्ग आहेत. मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३१ खाली अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. प्राप्तिकरात मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायची मागणी करता येते. पण एका प्लॉटसाठी यवतमाळला खेटे घालण्याची ताकद आणि सवड किती जणांकडे असते? म्हणून बहुतेक जण सौदाच टाळतात आणि बाजार आणखी गोठतो. सरकारची बाजू अशी, की दर खाली आणले तर सौद्याची किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम रोखीने घ्यायची जुनी खोड पुन्हा बळावेल. ही भीती अनाठायी नाही. दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळेच हा प्रश्न लोंबकळत पडला आहे.

कागदाचा पेच

मंदीत सर्वात आधी आणि सर्वात जास्त पडतो तो कच्च्या कागदाचा प्लॉट. तेजीत सातबारा कुणी फारसा वाचत नाही. मंदीत गिऱ्हाईक तो भिंगातून वाचते.

पहिला पेच तुकड्याचा आहे. १९४७ च्या कायद्याने शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राखाली तुकडे पाडायला मनाई आहे. तरी एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार सर्रास होत राहिले. १२ जुलै २०२१ ला नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून असे दस्त नोंदवणे थांबवले. ५ मे २०२२ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. ऑगस्ट २०२३ मध्ये किमान क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे झाले. जुने तुकडे नियमित करायला आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम लागत असे, ती पुढे ५ टक्क्यांवर आली. २०२५ च्या अखेरीस आलेल्या अध्यादेशाने निवासी वा अन्य अकृषक वापरासाठी नेमलेल्या क्षेत्रातले, १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे व्यवहार विनाशुल्क नियमित करायची वाट मोकळी केली. ज्यांची नावे सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त अडकली होती, त्यांना हा मोठा आधार आहे. पण ज्याने आधी २५ टक्के भरले तो आज हळहळतो, आणि जो थांबला त्याला थांबण्याचा फायदा झाला. वारंवार बदलणाऱ्या नियमाने प्रामाणिक माणसाचे नुकसान होते, ही तक्रार रास्त आहे.

दुसरा पेच आदिवासी जमिनीचा, आणि मारेगावात तो टाळून पुढे जाता येत नाही. मारेगाव, केळापूर, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतली अनेक गावे १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत. गोंड, कोलाम, परधान या समाजांची इथे जुनी वस्ती आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. बाजारवाल्यांना हा नियम अडसर वाटतो. पण सावकारी आणि अंगठ्याच्या जोरावर किती जमिनी गेल्या, हे ज्यांनी पाहिले त्यांना तो शेवटची भिंत वाटतो. मंदीच्या काळात तर या भिंतीची गरज वाढते, कारण अडचणीतला माणूस सर्वात स्वस्तात जमीन सोडतो. घेणाऱ्याने एवढेच जाणावे, की अशा जमिनीवर परवानगीशिवाय पडलेल्या ले-आऊटमधला प्लॉट कितीही स्वस्त मिळाला तरी तो आपला होत नाही.

तिसरा पेच मुखत्यारपत्राचा. 'रजिस्ट्री नंतर करू, आता मुखत्यारपत्र घ्या' हे वाक्य तेजीत फार चालले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सुरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले, की मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. अशा कागदावर बँक कर्ज देत नाही. आणि कर्ज मिळत नसलेल्या प्लॉटला मंदीत कुणी विचारत नाही.

माणसे वाट कशी काढतात?

ईसार देऊन बसलेल्यांची अवस्था सर्वात नाजूक असते. दर चढत असताना ईसार दिला आणि मुदतीच्या आत बाजार बसला. आता रजिस्ट्री करावी तर महाग पडते, सोडावी तर ईसार जातो. कराराची पूर्तता मागायला किंवा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती अनेकांच्या लक्षातच राहत नाही. ईसार जप्त करणेही मनमानी चालत नाही. रक्कम वाजवी असावी लागते आणि चूक घेणाऱ्याची असावी लागते. शहाणी माणसे कोर्टाआधी बैठक घेतात. मुदत वाढवतात, दर थोडा खाली आणतात आणि झालेला बदल लेखी घेतात. दोन्ही बाजूंचा थोडा तोटा होतो, पण सौदा आणि शेजार दोन्ही टिकतात.

कर्जदाराचा हिशेब वेगळा आहे. १० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ९,००० रुपये येतो. पाच वर्षांत ५ लाख ४० हजार भरून झाले तरी मुद्दल ८ लाख ८७ हजार शिल्लक असते. पहिल्या काही वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो. या काळात घराची किंमत थोडी जरी उतरली, तरी विकून कर्ज फिटेल ही खात्री राहत नाही. अमेरिकेच्या काही राज्यांत घर बँकेला सोडून दिले की कर्जदार मोकळा होतो. आपल्याकडे लिलाव होऊनही उरलेली रक्कम कर्जदाराच्या मानेवर राहते. बँकेचे हप्ते ९० दिवस थकले की खाते अनुत्पादक धरले जाते, मग ६० दिवसांची नोटीस येते आणि दाद मागायला नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जावे लागते. म्हणून पहिला हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून घेणे हाच कमी नुकसानीचा मार्ग आहे. कापसाचे दोन पैसे जास्त आले, तर त्यातले काही मुद्दलात भरावेत. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर त्यासाठी बँक दंड लावू शकत नाही.

ज्यांचा प्लॉट रिकामा पडला आहे, त्यांतले काही आता बांधायला लागले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेवढा भार हलका झाला. दोन खोल्या काढल्या तर शिक्षक, बँक कर्मचारी किंवा कंत्राटी कामगार भाडेकरू म्हणून मिळतो. काही न देणारी जागा मग निदान महिन्याचा किराणा भागवते. विकणेच भाग असेल, तर कर आधी पाहावा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जागेवर निवासी व्यक्तीला दोन पर्याय आहेत, महागाई निर्देशांक न धरता १२.५ टक्के किंवा धरून २० टक्के. जिथे दर फारसे वाढलेच नाहीत, तिथे दुसरा पर्याय बहुधा फायद्याचा ठरतो.

आणि काहींची वाट सावकाराच्या दारी जाते. प्लॉट किंवा शेत खरेदीखताने लिहून घेऊन 'पैसे दिले की परत' असे तोंडी वचन दिले जाते. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली अवैध सावकाराने बळकावलेली मालमत्ता परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. हा मार्ग खेड्यातल्या प्रत्येक घरात पोहोचायला हवा.

बाहेरचे अनुभव

जपानमध्ये १९९० च्या सुमारास जागेचे भाव कोसळले. ग्रामीण भागांत पुढे तरुणांची संख्या आणि एकूण लोकसंख्या दोन्ही घटत गेल्या. २०२३ च्या सरकारी पाहणीत तिथे सुमारे ९० लाख घरे रिकामी होती. वाट पाहिली की भाव परत येतोच, ही समजूत तिथे खोटी ठरली. मुंबईचा अनुभव उलटा आहे. १९९५-९६ च्या शिखरावरून भाव बरीच वर्षे खाली राहिले आणि नंतर पुन्हा चढले, कारण नोकऱ्या शहर सोडून गेल्या नव्हत्या. मारेगावची वाट यातल्या कोणत्या बाजूला जाईल, हे प्लॉटच्या फलकावर ठरणार नाही. ते खाणी, कापूस आणि गावातल्या शिक्षण-आरोग्याच्या सोयींवर ठरेल.

काय सुटायचे बाकी आहे?

तीन प्रश्न उरतात. पहिला मोजमापाचा. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा घरदर निर्देशांक ५० शहरांचा आहे. त्यात नागपूर आहे, पण मारेगाव, वणी, पांढरकवडा नाहीत. तालुक्याच्या गावात भाव चढला की पडला, हे दलाल सांगेल तेच खरे मानावे लागते. दुसरा प्रश्न रेडी रेकनरचा. पडत्या बाजारात दर खाली आणण्याची आणि चोरवाट मात्र न उघडण्याची पद्धत अजून बसलेली नाही. तिसरा प्रश्न सर्वात मोठा आहे. स्वस्त झालेली जागा आणि बेघर कुटुंब यांची गाठ घालणारी योजना कोणती? रिकामे, मंजूर प्लॉट नगरपंचायतीने वाजवी दरात घेऊन घरकुलाला द्यावेत, अशी सूचना करता येते. तिच्यावर गंभीर चर्चा व्हायला हवी.

पाचही भूमिका शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. मंदी सगळ्यांची असते, पण तोटा सगळ्यांना सारखा होत नाही. ज्याचा कागद पक्का आहे आणि ज्याला थांबता येते, तो तरून जातो. कच्चा कागद आणि उसना पैसा असलेला बुडतो.

निदान भाव तरी सगळ्यांना कळावा, म्हणून मागणी एकच, पण ठाम आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्येक खरेदीचा दस्तातला आकडा नोंदवला जातो. नावे वगळून तो गावनिहाय, दर तिमाहीला नगरपंचायतीच्या फलकावर लावावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, फक्त इच्छा लागते. आणि वाचकांना सांगणे एवढेच, की स्वस्त मिळतो म्हणून प्लॉट घेऊ नका. सातबारा, अकृषक आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटादाराचा वर्ग तपासा, पैसे बँकेतूनच द्या आणि रजिस्ट्री झाल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका.